बिलात न दिसणारी वस्तू

ड्रिल मशीन घ्यायला एक माणूस हार्डवेअरच्या दुकानात येतो. कपाटातून मशीन काढण्याआधी दुकानदार विचारतो, "भिंत कसली आहे?"

विटांची असेल तर हॅमरची, म्हणजे फिरताना ठोके देण्याची, सोय असलेलं साधं मशीन पुरतं. काँक्रीटची असेल तर त्याच मशीनने हात भरून येतात, बिट तापून निकामी होतं आणि भोक काही आत जात नाही. तिथे त्याहून जोरदार ठोके देणारा रोटरी हॅमर लागतो. जिप्सम बोर्डाची असेल तर हॅमर बंद ठेवायचा आणि स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लगही वेगळ्या प्रकारचा घ्यायचा, नाहीतर टांगलेली फळी एक दिवस प्लगसकट खाली येते. कधी सगळं ऐकून घेऊन दुकानदार म्हणतो, "दोनच भोकं पाडायचीत ना? मग विकत नका घेऊ, भाड्याने न्या."

ह्या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. बिलावर मात्र एकच ओळ उमटते: ड्रिल मशीन, नग एक.

मला बोलायचंय ते त्या दोन मिनिटांबद्दल. छोटं दुकान पहिल्यापासून एका बिलात दोन गोष्टी विकत आलं आहे. एक वस्तू, आणि दुसरी त्या वस्तूभोवतीची मदत: योग्य ती निवडून देणं, ती जवळच्या जवळ हजर ठेवणं, बिघडली तर उघडून पाहणं. पहिलीचा भाव लिहिलेला असतो. दुसरीचा भाव पहिलीच्या नफ्यात मिसळलेला असतो, त्यामुळे तो गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि बऱ्याचदा दुकानदारालाही दिसत नाही. ऑनलाइन विक्रीने ह्या दोघींची फारकत केली. छोट्या दुकानांपुढच्या बहुतेक अडचणी ह्या फारकतीतून निघतात, आणि ज्या वाटा सापडल्या आहेत त्याही तिथूनच.

ही फारकत इंटरनेटने सुरू केली असं मात्र नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढलं. तोवर रीत अशी होती की गिऱ्हाईक काउंटरपाशी यादी द्यायचं आणि नोकर आतून माल काढून, वजन करून, बांधून आणून द्यायचा. सॉन्डर्सने काउंटर हटवला, फळ्या उघड्या केल्या, हातात टोपली दिली. नोकरांचा पगार वाचला, भाव उतरला. माल शोधून आणायचं काम गिऱ्हाइकाने अंगावर घेतलं आणि त्याचा मोबदला त्याला स्वस्ताईच्या रूपात मिळाला. आजच्या सुपरमार्केटचा सगळा डोलारा ह्या एका सौद्यावर उभा आहे.

घरबसल्या खरेदीही जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड ह्या कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग अमेरिकेतल्या दूरदूरच्या शेतघरांत पोचत होते. १९१३ साली तिथल्या टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली. त्याआधी गावोगावच्या दुकानदारांनी तिला कडाडून विरोध केला होता. काही ठिकाणी तर कॅटलॉग गोळा करून जाळले गेले. तरीही पार्सल आलं, आणि दुकानंही टिकली. कारण कॅटलॉगमधून वस्तू यायला दिवसच्या दिवस जायचे आणि कॅटलॉगला प्रश्न विचारता यायचा नाही. सीअर्सने आपला मोठा कॅटलॉग १९९३ साली बंद केला. पुढच्याच वर्षी ॲमेझॉन कंपनी स्थापन झाली. आता वाट बघायचे दिवस कमी झाले, आणि प्रश्नांची उत्तरंही अर्धीमुर्धी का होईना मिळू लागली, कारण वस्तूखाली आधी घेतलेल्या लोकांनी आपले अनुभव लिहिलेले असतात. कॅटलॉगच्या काळात दुकानाला जे दोन आधार होते, ते दोन्ही ढिले झाले.

भाव कमी कुठून होतो

"त्यांना दुकानाचं भाडं नाही, म्हणून त्यांना परवडतं." हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बेर्तो काव्हायो ह्यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १० देशांतल्या ५६ मोठ्या विक्रेत्यांच्या दुकानातले भाव आणि त्याच विक्रेत्यांच्या वेबसाइटवरचे भाव त्यांनी ताडून पाहिले. सुमारे ७२ टक्के वेळा दोन्ही भाव अगदी सारखे निघाले. म्हणजे वेबसाइट असणं ही आपोआप भाव उतरवणारी जादू नव्हे. भाव उतरतो तो आकाराने, पैशाच्या फिरण्याने आणि नफा भलतीकडून येण्याने.

आकाराचं कळायला सोपं आहे. जो एका फटक्यात दहा हजार नग उचलतो त्याला कारखानदार जो भाव देतो, तो बारा नग घेणाऱ्याला देत नाही.

पैशाचं फिरणं जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण छोट्या दुकानदाराची खरी ओढाताण इथे होते. समजा शंभराचा माल भरला आणि त्यावर पंचवीस मिळाले. वर्षात तो माल चार वेळा विकून पुन्हा भरला तर वरकड शंभर मिळते. दुसऱ्याने त्याच शंभराच्या मालावर फक्त दहा घेतले, पण वर्षात बारा वेळा माल फिरवला, तर त्याला एकशेवीस मिळतात. निम्म्याहून कमी नफा घेऊन त्याची कमाई जास्त. छोट्या दुकानात माल हळू फिरतो, कारण गिऱ्हाईक आसपासचंच असतं आणि तरीही 'सगळं असायला हवं' म्हणून फळीवर वर्षातून एकदा खपणारी वस्तूही ठेवावी लागते. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. त्यात बऱ्याचदा कर्जाचं व्याज चालू असतं.

मोठ्या ऑनलाइन कंपनीचं चक्र ह्याच्या उलटं फिरू शकतं. गिऱ्हाइकाचे पैसे आज जमा होतात, पुरवठादाराचे काही आठवड्यांनी द्यायचे असतात. मधल्या काळात तो पैसा कंपनीच्या हाती असतो, बिनव्याजी. धंदा वाढत गेला की हा हाती असलेला पैसाही वाढत जातो. ॲमेझॉनच्या वाढीत ह्या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. छोटा दुकानदार धंदा वाढवायला कर्ज काढतो. इथे धंदा वाढला की भांडवल आपणहून हाती येतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नफा वस्तूवर मिळालाच पाहिजे अशी सक्ती ह्या कंपन्यांवर नाही. २०२३ साली ॲमेझॉनच्या एकूण कार्यकारी नफ्यातला (व्याज आणि कर धरण्याआधीच्या नफ्यातला) सुमारे दोन तृतीयांश नफा एडब्ल्यूएसमधून आला, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्याने दिलेल्या संगणक-सेवेतून. त्याच वर्षी जाहिरातींतून कंपनीला ४६ अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न मिळालं. शोधपानावर वर दिसण्यासाठी विक्रेते जे पैसे मोजतात ते ह्याच जाहिरातींत येतात. त्याशिवाय विक्रेत्यांकडून कमिशन, गोदामाचं भाडं, पोचवण्याचा आकार. हे सगळं लक्षात घेतलं की कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पडलेल्या भावाशी भाव भिडवणं किती धोक्याचं आहे ते कळतं. त्याच्याकडे भरून काढायला दुसरा धंदा नसतो. त्याचा सगळा संसार त्या एका ड्रिल मशीनच्या नफ्यावर चालायचा असतो.

भावातला काही फरक तर निव्वळ कायद्याने आलेला होता. अमेरिकेत १९९२ च्या एका निकालानुसार ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणसं नाहीत, त्या राज्याचा विक्रीकर वसूल करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नव्हती. रस्त्यावरचा दुकानदार कर लावून विकायचा, दूरचा विक्रेता न लावता. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. दरम्यान काही राज्यांत ॲमेझॉनने कर घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा काय झालं ह्याचा एक अभ्यास झाला. त्या राज्यांतल्या कुटुंबांची ॲमेझॉनवरची खरेदी ९ टक्क्यांहून जास्त घटली. ज्याला लोक ऑनलाइनची कार्यक्षमता म्हणत होते, तिच्यातला एक तुकडा करातली सूट होता.

पण मला ऑनलाइन विक्रीवर अन्यायही करायचा नाही. तिने दिलेली मोठी देणगी भाव ही नाहीच. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००३ साली पुस्तकांच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्यांच्या हिशेबाने, एरवी कुठल्याच दुकानात न मिळणारी पुस्तकं मिळू लागल्याने वाचकांचा जो फायदा झाला, तो स्वस्ताईने झालेल्या फायद्याच्या ७ ते १० पट होता. मोठ्या दुकानात ४० हजार ते १ लाख पुस्तकं मावत होती, ॲमेझॉनवर २३ लाख होती. ज्याला दुर्मिळ सुटा भाग हवा आहे, ज्याला घराबाहेर पडणं कठीण आहे, ज्याच्या पायाचं माप नेहमीच्या दुकानात कधीच मिळत नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. छोट्या दुकानांच्या बाजूने बोलताना ती नाकारली तर बोलण्यात खरेपणा उरत नाही.

त्यांनाही महाग पडतं ते

घरपोच देण्याचा शेवटचा टप्पा हा सगळ्या साखळीतला महाग भाग असतो. एकाच रस्त्यावरच्या तीस दारांत तीस खोकी द्यायची असतील तर प्रत्येक खोक्यामागे खर्च थोडा. तीच तीस खोकी तीस वस्त्यांत द्यायची असतील तर गाडी, इंधन, माणसाचे तास, आणि "घरी कोणी नाही" म्हणून दुसरी फेरी. दुकानात येणारं गिऱ्हाईक हा शेवटचा टप्पा स्वतःच्या पायांनी चालून येतं, आणि वस्तू स्वतःच्या हाताने घरी नेतं ते वेगळंच. दुकानाचं भाडं जास्त वाटतं खरं, पण त्यात हा पोचवण्याचा खर्चही आलेला असतो.

दुसरा मोठा खर्च परत येणाऱ्या मालाचा. कपडे आणि पादत्राणं ह्यांत तो सगळ्यात जाचक, कारण माप पडद्यावर कळत नाही आणि बरेच जण दोन मापं मागवून एक परत पाठवतात. परत आलेली वस्तू आणायची, उघडून तपासायची, पुन्हा बांधायची, आणि नव्यासारखी राहिली नसेल तर पडेल भावात काढायची. आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळा. "भिंत कसली आहे?" हा प्रश्न विचारला की चुकीचं मशीन विकलंच जात नाही, त्यामुळे ते परतही येत नाही. दुकानदाराची दोन मिनिटं हा खर्च आहे तसाच तो बचतीचाही भाग आहे. फक्त ही बचत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

सल्ला इथे, खरेदी तिथे

मग तो क्षण येतो. माणूस दोन मिनिटं सगळं विचारून घेतो, मशीन हातात घेऊन तोलून पाहतो, खिशातून फोन काढतो, आणि "बघतो, येतो" म्हणून निघून जातो.

लेस्टर टेल्सर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली, इंटरनेटचा मागमूस नसताना, हीच अडचण मांडली होती. एक दुकान नमुने मांडून ठेवतं, जाणकार माणूस पगारावर ठेवतं, समजावून सांगतं. शेजारचं दुकान ह्यातलं काहीच करत नाही, म्हणून स्वस्त विकतं. लोक पहिल्या दुकानात शिकून दुसऱ्या दुकानात घेऊ लागले तर पहिलं दुकान समजावणं बंद करणार. मग समजावणारा कोणीच उरत नाही, आणि शेवटी कारखानदाराचाही खप घटतो. म्हणूनच काही कारखानदारांना आपला माल ठरावीक किमतीखाली विकला जाऊ नये असं वाटतं, असा त्याचा युक्तिवाद. अमेरिकेत १९११ पासून अशी किमान किंमत लादणं सरळ बेकायदा धरलं जात होतं; २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बदललं आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर तपासावं असं म्हटलं. फोनवर भाव बघून निघून जाणाऱ्या माणसाला बोल लावण्यात म्हणूनच अर्थ नाही. वस्तूचा भाव आणि मदतीचा भाव एकत्र बांधलेला असेल, आणि मदत आधीच मिळून गेली असेल, तर उरलेली वस्तू स्वस्तात घेणं कोणालाही सुचेल.

पुस्तकांच्या बाबतीत फ्रान्सने हा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला. १९८१ च्या कायद्यानुसार पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला त्यावर जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते. ऑनलाइन विक्री आली तेव्हा ही ५ टक्के सूट अधिक मोफत घरपोच सेवा अशी जोडी तयार झाली. २०१४ साली नव्या कायद्याने ती जोडी मोडली. त्यावर ॲमेझॉनने 'मोफत' हा शब्द टाळायला पोचवण्याचा आकार एक सेंट, म्हणजे युरोचा शंभरावा भाग, असा ठेवला. शेवटी ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोपेक्षा कमी पुस्तकखरेदीवर किमान ३ युरो आकार घ्यावाच लागतो असा नियम लागू झाला. उलट ब्रिटनमध्ये पुस्तकांच्या ठरावीक किमतीचा जवळपास शतकभराचा करार १९९५ च्या सुमारास कोसळला. तेव्हा तिथे सुमारे १,९०० स्वतंत्र पुस्तकदुकानं होती, २०१६ पर्यंत ती ९०० च्या खाली आली. हा सगळा परिणाम त्या एका कराराचा म्हणता येणार नाही, कारण त्याच काळात सुपरमार्केटं आणि ऑनलाइन दोन्ही वाढली. पण करार गेल्यामुळेच त्या दोघांना खपाऊ पुस्तकं पडेल भावात विकता आली.

माझं मत सांगतो. करात सगळ्यांना एक नियम असावा, ह्यात वादाला जागाच नाही. पुस्तकांसाठी ठरावीक किंमत मला पटते, कारण हळू खपणारं पुस्तक फळीवर ठेवण्याची ताकद दुकानाला खपाऊ पुस्तकातूनच मिळते. ड्रिल मशीनसाठी मात्र तसा कायदा मी मागणार नाही. तिथे ज्याला सल्ला नको आहे, ज्याने आधी चार मशीनं वापरली आहेत, त्याच्याकडूनही सल्ल्याचे पैसे घेतले जातात. ते न्याय्य नाही.

"मग आपणही ऑनलाइन जाऊ"

हा सल्ला छोट्या दुकानदाराला सगळेच देतात. त्यातला अर्धा भाग चांगला आहे, अर्धा जपून घेण्यासारखा.

मोठ्या बाजारपेठ-वेबसाइटवर विक्रेता होणं सोपं असतं. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नगांपैकी सुमारे ६० टक्के नग असे बाहेरचे विक्रेतेच विकतात. पण तिथे बहुतेक वस्तूंवर ८ ते १५ टक्के कमिशन आहे, वर गोदाम आणि पोचवण्याचा आकार, आणि शोधात दिसायचं असेल तर जाहिरात. गिऱ्हाईक वेबसाइटचं राहतं; त्याला पुन्हा बोलावणं तुमच्या हातात नसतं. एकाच वस्तूचे दहा विक्रेते असले की 'खरेदी करा' हे बटण कोणाच्या नावावर लागायचं हे वेबसाइटचं गणित ठरवतं. ह्याच मुद्द्यावर युरोपीय आयोगाने चौकशी केली होती, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने लेखी हमी दिली की त्या बटणासाठी सगळ्या विक्रेत्यांना सारखी वागणूक मिळेल आणि विक्रेत्यांची आतली माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरली जाणार नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आणि १७ राज्यांनी ह्याच कंपनीवर दावा लावला. इतरत्र कमी भावात विकणाऱ्या विक्रेत्यांना शोधात मागे ढकललं जातं, असा त्यातला एक आरोप आहे. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत.

माझी शंका त्याहून साधी आहे. त्या पानावर "भिंत कसली आहे?" हे विचारायला जागाच नाही. तिथे दुकानदाराचं नाव बारीक अक्षरात, भाव मोठ्या अक्षरात. म्हणजे ज्या दोन गोष्टी तो विकतो त्यांतली जी त्याला नीट जमते ती बाहेर ठेवून, जी त्याला सगळ्यात कमी जमते तेवढीच घेऊन तो आखाड्यात उतरतो. पडून राहिलेला माल मोकळा करायला हा मार्ग ठीक आहे. धंद्याचा कणा म्हणून मला तो भरवशाचा वाटत नाही.

चांगला अर्धा भाग असा: "हे तुमच्याकडे आहे का?" ह्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मिळालं पाहिजे. दुकान कधी उघडं असतं, कोणता माल आहे, फोटो पाठवला तर तसाच भाग मिळेल का. वस्तू शहरातच, दहा मिनिटांवर पडून असते आणि माणूस ती तीन दिवसांनी येणाऱ्या खोक्यातून मागवतो, कारण ती जवळ आहे हे त्याला कळायला मार्गच नसतो. नकाशावर बरोबर वेळा टाकणं, फळ्यांचे फोटो ठेवणं, आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर देणं. खर्च फारसा नाही, आणि गिऱ्हाईक तुमचंच राहतं.

घाऊक भावाचं काय

मालाच्या खरेदी भावात एकटा दुकानदार कधीच जिंकणार नाही. पण तो एकटा असायला हवा असं कुठे आहे?

१८९८ साली बर्लिनमध्ये २१ किराणा व्यापाऱ्यांनी एकत्र खरेदी करायची सहकारी संस्था काढली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून पुढे 'एडेका' हे नाव पडलं. आज जर्मनीतल्या किराणा व्यापारात ती सगळ्यात मोठी आहे, आणि तिची बरीचशी दुकानं अजून स्वतंत्र दुकानदारांच्या मालकीची आहेत. १९३२ साली नेदरलँड्समध्ये आद्रियान व्हान वेल ह्या घाऊक व्यापाऱ्याने असंच केलं. तेव्हा मोठ्या साखळी-दुकानांनी छोट्या दुकानांना घेरलं होतं. त्याने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांची एक फळी बांधली. डच भाषेत 'एकदिलाने सहकार्य केल्याने सगळ्यांना नियमित लाभ होतो' अशा अर्थाचं वाक्य आहे, त्याच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं 'डेस्पार'. पुढे ते 'स्पार' झालं, आणि 'स्पार' म्हणजे डच भाषेत सुरूसारखं एक सूचिपर्णी झाड, म्हणून त्यांच्या पाटीवर ते झाड आलं. आज ही दुकानं चाळीसहून जास्त देशांत आहेत. त्या काळी जी भीती साखळी-दुकानांची होती तीच आज ऑनलाइनची आहे, आणि त्या वेळी दुकानदारांनी भावाचा प्रश्न दुकानाच्या मागच्या दाराशी, खरेदीत सोडवला. पुढच्या दाराशी प्रत्येकाचा चेहरा वेगळाच राहिला.

ह्यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती पैशाची नाही. एकत्र खरेदी करायची म्हणजे शेजारच्या स्पर्धकाला आपला खप सांगावा लागतो. दुकानदार तिथे अडतो. एडेका आणि स्पार ह्या संस्थांत ही अढी ओलांडली गेली, ते ठाकठीक नियम, लेखी हिशेब आणि एक तटस्थ मधला माणूस ह्यांच्या जोरावर.

दुसऱ्या वस्तूला भाव लावणं

अमेरिकेतल्या स्वतंत्र पुस्तकदुकानांची कथा मला धीर देते. तिथल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार १९९५ ते २००० ह्या काळात त्यांची संख्या ४३ टक्क्यांनी घसरली. मग २००९ ते २०१५ दरम्यान ती १,६५१ वरून २,२२७ वर गेली, म्हणजे ३५ टक्के वाढ. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रायन राफाएली ह्यांनी अनेक वर्षं ह्या दुकानांचा अभ्यास केला. त्यांना तीन गोष्टी दिसल्या: परिसराशी नातं, निवडून ठेवलेली पुस्तकं आणि लोकांना एकत्र जमवणं. बॉर्डर्स ही मोठी साखळी २०११ साली बंद पडल्याने जागा मोकळी झाली हेही खरं. पण मोकळी जागा ह्या दुकानांनी भरली ती भाव पाडून नव्हे. पुस्तकाच्या शेजारी चार ओळींची हाताने लिहिलेली चिठ्ठी, "मी हे का वाचलं" सांगणारी. म्हणजे दुकानातल्या माणसाचं वाचन फळीवरच दिसू लागलं.

बाकीच्या दुकानांत मदतीचा भाव वेगळा दाखवणं हा 'सल्ला इथे, खरेदी तिथे' ह्यावरचा उपाय, आणि तो करायला दुकानदाराला संकोच वाटतो. सायकलच्या दुकानात बसण्याची उंची आणि हँडल अंगाला जुळवून देण्याचे पैसे लावले, आणि सायकल तिथेच घेतली तर ते वळते केले, तर दोन गोष्टी होतात. मदतीला किंमत आहे हे गिऱ्हाइकाला कळतं. आणि सायकल दुसरीकडून आणलेला माणूसही आता गिऱ्हाईक होतो. त्याच्याकडे रागाने बघायचं कारणच उरत नाही, कारण तो मदत विकत घ्यायला आलाय. दुरुस्ती, बसवून देणं, माप घेणं, भाड्याने देणं, जुनं घेऊन नवं देणं: ह्या सगळ्यांत माल कमी अडकतो आणि मजुरी रोख मिळते.

सगळ्या दुकानांना हे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. बॅटरीचे सेल, प्रिंटरची शाई, ठरावीक कंपनीची ठरावीक केबल: इथे विचारायला काही नसतं. पाकिटावर क्रमांक आहे, क्रमांक जुळला की झालं. अशा मालावरच उभं असलेलं दुकान फक्त निकडीवर चालेल, म्हणजे "मला आत्ताच हवंय" म्हणणाऱ्या माणसावर. ज्या वस्तीत अशी निकड पुरेशी नाही तिथे ते दुकान बंद होईल, आणि ते चालवणाऱ्याची त्यात काही चूक नसेल.

आपलं दुकान कुठल्या बाजूला आहे हे ओळखायला एक वही पुरते. महिनाभर प्रत्येक विक्रीसमोर एकच खूण करायची: गिऱ्हाइकाने काही विचारलं का? विचारलं असेल तर त्यापुढे लिहायचं की उत्तराने त्याची खरेदी बदलली का. वेगळं मशीन घेतलं, छोटं बिट घेतलं, काहीच न घेता गेला आणि पुढच्या आठवड्यात परत आला. महिनाअखेरीला खुणा असलेला माल एकीकडे आणि नसलेला दुसरीकडे असे दोन ढीग पडतात. खूण नसलेल्या ढिगात किती भांडवल अडकलंय ते मोजायचं आणि त्यातला संथ माल पुन्हा भरायचा नाही. खूण असलेल्या ढिगात कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेही उतरवून काढायचे. त्यांतला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न दुकानाच्या पाटीखाली, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात रंगवून घ्यायचा.